'बिग बनाना'ला मराठीत काय म्हणावं?

पांथस्थ:
सिडनी ते ब्रिस्बेन गाडीने गेलो होतो, त्याचं प्रवासवर्णन लिहितोय आणि कॉफ्स हार्बरलाच अडकलोय. तिथे हमरस्त्यालगत एक पिवळंधमक केळं आडवं पडलंय, लांबी १३ मीटर. १९६४ साली एका केळी-बागायतदाराने, येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपल्या दुकानापाशी थांबावं म्हणून ते उभारलं. आता त्याच्या पोटातून चालत जाता येतं. पुढे बॅलिनाला कोळंबी. देशभरात दीडशेच्या वर असे प्रकार आहेत, सगळ्यांना मिळून 'बिग थिंग्ज' म्हणतात. मी 'महाकाय केळे' असं लिहिलं. बायको वाचून हसत सुटली. दुसरा शब्द सुचवा.

चौकस:
अजस्र?

जुनाशब्द:
अजस्र म्हणजे मुळात न थांबणारं, सतत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात 'क्षिपाम्यजस्रम्' आहे, तिथेही अर्थ 'सदैव' असाच. मराठीत तो कधीतरी आकाराकडे वळला आणि आता तोच रुळलाय, त्याला हरकत नाही. पण कृपया 'अजस्त्र' लिहू नका, त्यात त नाही. 'प्रचंड'चंही तसंच, चंड म्हणजे उग्र. केळं उग्र कुठून असणार?
आणि महाकायमध्ये 'काय' म्हणजे शरीर. गोलबर्नच्या मेरिनो मेंढ्याला चालेल एकवेळ, तो १५ मीटर उंच आहे. फळाला नको.

कोकण्या:
त्या मेंढ्याचा किस्सा भारी आहे. बाहेरून नवा रस्ता निघाला, गिऱ्हाईक आटलं, म्हणून २००७ मध्ये अख्खा मेंढा उचलून नव्या रस्त्याजवळ नेऊन ठेवला. गावात त्याला 'रॅम्बो' म्हणतात.
माझं मत 'थोरलं केळं'.

जुनाशब्द:
थोरलं म्हटलं की धाकटं कुठे आहे, असं लगेच विचारतील. 'भलंथोरलं' म्हणा, मग तुलना राहत नाही.

चौकस:
धिप्पाड? अगडबंब?

जुनाशब्द:
धिप्पाड माणूस असतो, फार तर बैल. अगडबंबमध्ये बेढबपणा आहे. क्वीन्सलंडचा १६ मीटरचा अननस १९७१ पासून उभा आहे, चांगला घाटदार आहे. त्याला अगडबंब म्हणणं अन्याय होईल.

कोकण्या:
मग आपला 'घोड' आहे की! घोडचूक, घोडनवरा. दक्षिण ऑस्ट्रेलियात किंग्स्टनला १७ मीटरची शेवंड आहे, १९७९ ची. नकाशातले फूट मीटर समजून बांधली म्हणून एवढी झाली, अशी दंतकथा सांगतात. खरी असो-नसो, घोडचुकीतून जन्मली ती घोडशेवंड!
(शेवंडच म्हणायचं बरं का. 'लॉबस्टर' आमच्याकडे फक्त हॉटेलच्या मेनूकार्डावर.)

पांथस्थ:
हाहा, घोडशेवंड घेतली. पण 'घोड'मध्ये थट्टा आहे, आणि तिथल्या लोकांना या गोष्टींचा अभिमान असतो. बॅलिनाची कोळंबी पाडायला परिषदेने २००९ मध्ये परवानगीही दिली होती, पण लोकांचा जीव तिच्यात. शेवटी २०१३ मध्ये तिची डागडुजी झाली, वर नवी शेपटीही मिळाली.

मावशीबाई:
तुम्ही सगळे संस्कृतात शिरलात. इंग्रजीतसुद्धा तिथे 'जायंट' किंवा 'कोलोसल' असला भारी शब्द वापरलेला नाही, साधा 'बिग' आहे, पोराच्या तोंडचा. मागच्या सीटवरचं पोर खिडकीतून बघून काय ओरडेल? "आई, केवढं मोठ्ठं केळं!" ठ्ठ वर जोर देऊन. मोठ्ठं केळं, मोठ्ठी कोळंबी, मोठ्ठा मेंढा. लिंगाप्रमाणे बदलेल, बदलू दे.

जुनाशब्द:
शुद्धलेखनात 'मोठ्ठं' बसत नाही.

मावशीबाई:
१३ मीटरचं केळं तरी कुठे बसतं?

पांथस्थ:
मोठ्ठं ठरलं. आता 'थिंग्ज'चं बघा. 'मोठ्ठ्या वस्तू' लिहिलं तर घर बदलताना ट्रकमध्ये आधी चढवायचं सामान वाटतं.

कोकण्या:
'मोठ्ठाली धुडं'.

मावशीबाई:
धूड चालेल. अननसाला मात्र सांगू नका.