डेलावेअर, १७९४: गव्हर्नरने नेमलेला सिनेटर परत का पाठवला?

जुने_दफ्तर: अमेरिकेतील डेलावेअर राज्याचे जॉर्ज रीड यांनी १८ सप्टेंबर १७९३ रोजी सिनेटचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, राजीनामा दिला. गव्हर्नरांनी १९ मार्च १७९४ ला त्या जागी केन्सी जॉन्स यांना नेमले. राज्यघटनेने गव्हर्नरला तसा अधिकार दिलेला असताना सिनेटने नेमणूक नाकारली कशी? आपल्या राज्यसभेसारखी पोटनिवडणूक तेव्हा होती का?

कलमवाचक: अधिकार होता, पण वेळ निघून गेली होती. पहिल्या अनुच्छेदाचे तिसरे कलम पाहा. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना जागा रिकामी झाली, तर गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमू शकतो, तोही विधिमंडळ पुढे भरेपर्यंतच. भरले की जागा विधिमंडळानेच भरायची.

रीड गेले तेव्हा अधिवेशन नव्हते, त्यामुळे जानेवारीपर्यंत गव्हर्नरांना मोकळीक होती. जानेवारीत विधिमंडळ भरले, फेब्रुवारीत उठले, जागा तशीच राहिली. जॉन्स यांची नेमणूक त्यानंतरची. राजीनामा आणि नेमणूक यांच्यामध्ये एक अधिवेशन होऊन गेले, हेच कारण ठरावात लिहून सिनेटने २८ मार्चला २० विरुद्ध ७ मतांनी दावा फेटाळला. माझ्या मते निर्णय अगदी योग्य होता. नाहीतर विधिमंडळाने टाळाटाळ करायची आणि गव्हर्नरने दरवेळी आपला माणूस पाठवायचा, हा पायंडाच पडला असता. किंमत मात्र राज्याने मोजली: हेन्री लॅटिमर थेट फेब्रुवारी १७९५ मध्ये निवडून आले.

दोन_सभागृहे: त्याच वसंतातले पेनसिल्व्हेनिया राज्य शेजारी ठेवून बघा. अल्बर्ट गॅलाटिन यांच्या नागरिकत्वाला ९ वर्षे झाली नव्हती, म्हणून २८ फेब्रुवारी १७९४ ला सिनेटने १४ विरुद्ध १२ मतांनी त्यांची निवड रद्द केली. १ एप्रिलला विधिमंडळाने जेम्स रॉस यांना निवडलेही. महिन्याभरात काम झाले.

पण हीच जागा आधी जवळपास दोन वर्षे रिकामी होती! मार्च १७९१ मध्ये विल्यम मॅक्ले यांची मुदत संपली आणि मतदान कसे घ्यायचे यावरच राज्य विधिमंडळाची दोन्ही सभागृहे अडून बसली. एकत्र बसून मते मोजली की सदस्य जास्त असलेल्या खालच्या सभागृहाचे पारडे जड होते. वेगवेगळे मतदान घेतले की वरच्या सभागृहाला नकाराधिकार मिळतो. राज्यघटनेने निवड ‘विधिमंडळाने’ करावी एवढेच म्हटले, रीत सांगितली नाही. १७८९ मध्ये न्यूयॉर्कचेही याच वादात जुलैपर्यंत सिनेटर ठरले नव्हते.

जुने_दफ्तर: मग ही कोंडी कायद्याने कधी सुटली?

कलमवाचक: १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रीत ठरवून दिली. आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत वेगळे मतदान. एकच नाव आले नाही तर दुसऱ्या दिवसापासून संयुक्त बैठक, आणि बहुमत मिळेपर्यंत रोज निदान एक मतदान. तरीही बहुमतच जमले नाही तर जागा रिकामीच राही. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने निवड थेट मतदारांकडे गेली.

राज्यसभेबद्दल: तिथे आमदार पोटनिवडणुकीत मत देतात, राज्यपाल मधल्या काळासाठी कोणाला नेमत नाहीत. साम्य एवढेच, की नव्या सदस्याला उरलेलीच मुदत मिळते. लॅटिमर यांनाही रीड यांची ३ मार्च १७९७ पर्यंतचीच मिळाली होती.