शेजारच्या पडीक भूखंडातील गाजरगवत : मालकाला भाग पाडणारा कायदा आहे का?

सातारकर :
आमच्या घराला लागून असलेला चार गुंठ्यांचा भूखंड गेली सहा वर्षे पडून आहे आणि श्रावण लागला की तो गाजरगवताने कमरेइतका भरतो. दर पावसाळ्यात आईच्या मानेवर आणि कोपरांच्या घडीत लाल चट्टे उठतात. ते याच गवतामुळे उठतात, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. मालक परगावी असतात. नगरपालिकेत विचारले तर ‘गवत कृषी खात्याकडे’ आणि कृषी कार्यालयात विचारले तर ‘भूखंड बिगरशेती, नगरपालिकेत जा’ असे उत्तर मिळाले. अशी उपद्रवी परदेशी वनस्पती स्वतःच्या जमिनीवर माजू देणाऱ्याला ती काढायला लावता येते का?

निवृत्त कारकून :
कायदा आहे आणि तो जुना आहे. शेतीवरील कीड व रोगांसाठी मुंबई राज्याने १९४७ साली केलेल्या कायद्यात उपद्रवी तणेही येतात. मेख अशी की, अमुक तण अमुक क्षेत्रात उपद्रवी आहे असे शासनाने अधिसूचनेने जाहीर केल्यावरच अशा कायद्यांचे बंधन जमीनधारकावर येते. कर्नाटकाने १९७५ मध्ये गाजरगवताबाबत तशी घोषणा केली होती. तिथल्या रस्त्यांच्या कडेला ते आजही डोलत असते, यावरून घोषणेचे वजन ओळखावे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, परंतु त्याचा रोख वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाकडे आहे, तुमच्या कुंपणापलीकडच्या चार गुंठ्यांकडे नाही. म्हणून अर्जात ‘आक्रमक प्रजाती’ हे शब्द घालूच नका. अस्वच्छता आणि आरोग्यास उपद्रव एवढेच लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रोपवाटिकावाला :
वरील मताला थोडी पुस्ती जोडतो. बंदी चालते ती माणसाच्या हाताने पसरणाऱ्या झाडावर. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. हे झाड कलमांपासून रोपवाटिकेत तयार होते, तेव्हा रोपेच बंद झाली की नवी लागवड थांबते. गाजरगवत मात्र कोणी विकत घेऊन लावत नाही. ते वाऱ्याने, पाण्याने, शेणखतातून आणि ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून येते. बंगालमध्ये १९३६ साली जलपर्णीविरुद्ध खास कायदा झाला, तरी जलपर्णी तरंगतेच आहे.

कृषी पदवीधर :
नोटिशीची वाट पाहताना हंगाम निघून जाईल, ही माझी खरी चिंता आहे. एका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे पांढरी फुले दिसण्याआधी, जमीन ओली असताना ते मुळासकट उपटणे हाच निर्णायक उपाय आहे. नुसते कापल्यास बुडापासून पुन्हा फुटते. उपटणाऱ्याने हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आईंना त्या दिवशी घरात ठेवावे. मेक्सिकोतून आणलेला आणि १९८४ मध्ये बंगळूर परिसरात प्रथम सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो, पण उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो, म्हणून एवढ्याशा जागेत त्याच्यावर विसंबू नये. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचे बी फेकावे, तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हे गवत पीएल-४८० च्या, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली भारताला मिळालेल्या, गव्हातून आले ही गोष्ट जपून सांगावी : पुण्यात ते १९५५ साली आढळले आणि त्या गव्हाचा भारताशी झालेला करार १९५६ च्या ऑगस्टमधला आहे.

सातारकर :
सर्वांचे आभार. अर्ज सोमवारी देत आहे. मालकांशी काल बोलणे झाले. गवत आमच्या खर्चाने काढायला त्यांची हरकत नाही, आणि तसे त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवले आहे. एवढे पुरेल का?

निवृत्त कारकून :
पुरेल, परंतु तो संदेश छापून अर्जाच्या प्रतीसोबत ठेवा आणि काम सुरू करण्यापूर्वी भूखंडाची तारखेसह छायाचित्रे काढा. हद्दीच्या दगडांना मात्र कोणाला हात लावू देऊ नका.