मदत हवी आहे: शाडूत माणसाचं डोकं घडवायला शिकायचंय

नमस्कार मंडळी. पुण्यात शनिवार-रविवारी प्रत्यक्ष हाताने शिल्पकला शिकवणारी कार्यशाळा कोणाला माहीत आहे का? एका दिवसात गणपती करून घरी न्यायचा, तसली नको. मातीला आतून आधार देणारा तारेचा सांगाडा बांधण्यापासून प्लास्टरचा साचा काढून ओतकामापर्यंत सगळं शिकायचंय, तेही समोर माणूस बसवून. कवटीचा मागचा उतार फोटोत कळतच नाही हो.

आणखी एक. घरी करतेय त्या डोक्याची हनुवटी रात्रीतून खाली घसरते. माती ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिक गुंडाळून ठेवते. आतल्या तारेला लाकडाचे आडवे तुकडे बांधून लटकवले तर वजन पेलेल का? की मातीच जास्त ओली आहे? पेणच्या गणपती कारखान्यांत काम केलेलं कोणी असेल तर जरूर सांगा.