चौंडकं, गिटार आणि थंडीत कुडकुडलेली संध्याकाळ: तुमचेही अनुभव सांगा

गंगापूररोडकर
परवा वणीला गडावर गेलो होतो. फनिक्युलरची रांग बघून पायऱ्याच धरल्या. उतरताना एक मावशी काखेत चौंडकं, ते तार छेडायचं वाद्य, धरून देवीचं गाणं म्हणत बसल्या होत्या. ते गुबगुब ऐकलं आणि मी तिथेच थांबलो. बायको म्हणे, काय झालं, गुडघा का? गुडघा नव्हता.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, गावाबाहेरच्या एका वायनरीत तीन फ्युजन बँड होते, म्हणजे आपलं गाणं-वाद्यं आणि गिटार-ड्रम्स एकत्र. ऑफिसमधल्या एकाकडे पास उरला म्हणून मी गेलो. तोवर माझ्या मते बँड म्हणजे वरातीतला. पहिल्यांनी व्हायोलिनवर काहीतरी कर्नाटकी धरलं आणि मधेच एक पोरगा भांडल्यासारखा भराभर बोलायला लागला. दुसऱ्या बँडमधल्या दाढीवाल्याने काखेतून एक वस्तू काढली नि सुरू झाला. ड्रम्स, बास, वर इलेक्ट्रिक गिटार, आणि मधून हे गुबगुब. मी जोरात ओरडलो, "अरे, हे तर चौंडकं!" पुढची मुलगी वळून म्हणाली, "गबगुबी म्हणतात त्याला, अंकल."

मी तेव्हा चौतीसचा होतो.

बँडचं नाव विसरलो, अंकल नाही विसरलो. तुम्ही असं काही ऐकायला गेला असाल तर लिहा. नाशिकचंच असलं पाहिजे असं नाही, पण असेल तर बरं.

तारसप्तक
वणीला चौंडकं? ते सोलापूर-कोल्हापूरकडचं, यल्लम्माच्या जोगत्यांचं. आपल्याकडे संबळ.

गंगापूररोडकर
मावशी बार्शीच्या होत्या. विचारलं मी.

तारसप्तक
मग ठीक. तुमचं ओरडणं चूक नव्हतं, भावंडंच आहेत ती. एका बाजूला कातडं, त्यातून ओवलेली तार, ती हाताने ताणायची आणि छेडायची. ताण वाढला की सूर चढतो. म्हणून ते बोलल्यासारखं वाटतं. बंगालात बाउल लोकांकडे खमक किंवा गबगुबी, राजस्थानात भपंग. तुणतुणं वेगळं, त्याला काठी आणि खुंटी असते, म्हणून ते एकाच सुरावर अडून राहतं. इंडियन ओशनमध्ये अमित किलम ड्रम्स सोडून अधूनमधून गबगुबी घेतो. दिल्लीचा बँड, 1990 पासून आहेत. त्यांच्यामुळे ते वाद्य कॉलेजच्या पोरांना कळलं, निदान आमच्या बॅचला तरी.

कुकर_तीन_शिट्ट्या
दोन शिट्ट्या झाल्यात, पटकन लिहिते. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत. मला वाटलं दहा मिनिटांत घरी चल म्हणतील. गायकाने डोळे मिटून आलाप सुरू केला, मागे सिंथेसायझरचा धूर. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. मग माझ्या कानात, "मालकंस आहे गं. पण मेला पंचम लावतोय!" पुढे जेव्हा जेव्हा तो पंचम आला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली. मांडी लाल.

तिसरी झाली, आले

निवांत_सातपूर
😂😂 मालकंसात पंचम म्हणजे उपासाच्या खिचडीत कांदा

कुकर_तीन_शिट्ट्या
आले. तर गाणं संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या कोणी वाजवल्या? त्यांनीच. म्हणे, "चुकला, पण जीव लावून चुकला."

मांडववाला
स्टेजच्या मागची बाजू सांगतो. आमचा धंदा मांडव आणि साउंडचा, लग्नं आणि गणपती. एकदा अशा बँडचं काम आलं. त्यांनी आधी कागद पाठवला, कुठल्या वाद्याला कुठला माइक, चोवीस चॅनल लिहिलेले. आमचा मिक्सर सोळाचा. फोनवर म्हटलं, भाऊ, लग्नात दोन माइक लागतात, एक भटजींना आणि एक आभार मानणाऱ्या मामांना. चोवीस कशाला? तर एकट्या ड्रमला सात!! शेवटी पुण्याहून भाड्याने आणला.

सारंगीला छोटा माइक चिकटवला तर भूंऽऽ आवाज. जनरेटरचं अर्थिंग धड नव्हतं. खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं तेव्हा भूंऽऽ अर्धं झालं. उरलेलं लोकांनी तानपुरा समजून ऐकलं असणार. संध्याकाळी दव पडलं नि तबला उतरला. आमच्याकडे हलगी शेकतात तशी पानाला ऊब दाखवू का विचारलं, तर तबलजी पोरगं घाबरलं. हातोडी घेऊन दर दोन गाण्यांनी ठोकत बसलं बिचारं. बासवाल्याने कुठूनतरी केस वाळवायचं मशीन आणलं, त्याने जरा चढला.

आणि दहा वाजले. भोंग्याची वेळ संपली, पुढच्या परवानगीचा कागद आयोजकांकडे नव्हता. मी मेन खाली केला. गायक खाली उतरला आणि ढोलकी घेऊन तसाच गायला. लोक सांगतात काय ती जादू वगैरे. खरं सांगू? तिसऱ्या रांगेनंतर काहीही ऐकू येत नव्हतं. निम्मे लोक जेवायला गेले. मी केबल गुंडाळत होतो म्हणून जवळ होतो, मला मात्र सगळं ऐकू आलं.

निवांत_सातपूर
दादा पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, रेट कळवता का

मांडववाला
मेसेज करतो.

बागेत_आहे
भो, आमचा वेगळाच अनुभव. आम्ही ऐकायला गेलोच नाही, गाणंच आमच्याकडे आलं. आमची द्राक्षाची बाग त्या वायनरीला लागून. ऐन काढणीचे दिवस, माल पिकलेला, मी नि आमचा गडी राखणीला. सात वाजता बास सुरू झाला तर वेलीवरची पानं थरथरली, खोटं नाही सांगत. कुत्रं खाटेखाली. पहाटे बाया तोडणीला येणार, एक्स्पोर्टचा कंटेनर ठरलेला, आणि झोप कुठली. आधी शिव्या दिल्या.

मग एकाने ढोल घेतला. गडी पेठ तालुक्यातला, घरी सगळे वाजवणारे. उठून बसला. थोडं ऐकून म्हणतो, "ढिलं वाजवतो, पण थांबतो बराबर." मी म्हटलं थांबतो म्हणजे? म्हणे वाजवता सगळ्यांना येतं. त्यानंतर प्रत्येक थांब्याला तो अंधारात बोट उचलायचा. मीपण उचलायला लागलो. कंटेनर गेला वेळेवर.

चिवडा_प्रेमी
चांगलं आहे सगळं, पण गाडी कुठे लावायची ते कोणी बोलत नाही. मी सावरगावच्या रस्त्याला लावून चालत गेलो, परत येताना अंधारात डावी चप्पल चिखलात गेली. ठिबकची नळी फुटली होती बहुतेक.

बागेत_आहे
काळी, अंगठ्याची होती का?

चिवडा_प्रेमी
तपकिरी

बागेत_आहे
मग नाही. काळी आहे आमच्याकडे एक.

शुद्धनाद
फ्युजन म्हणजे ना धड इकडचं ना तिकडचं. ज्या गावात गायक विष्णू दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला तिथे हे ऐकावं लागतं.

तारसप्तक
दरबारातलं गाणं तिकीट लावून सगळ्यांसमोर नेणारे तेच की विष्णू दिगंबर! तेव्हाही नाकं मुरडली गेलीच असतील. आवडलं नाही म्हणा, पलुसकरांना मधे आणू नका.

शुद्धनाद
आवडलं नाही.

हॉस्टेल_नंबर_दोन
आम्ही कॉलेजात असताना एक चार जणांचा बँड स्वतः बोलावला होता. एका मित्राच्या गच्चीवर. ते मुंबई-नाशिक-पुणे असं करत फिरत होते. हॉटेल परवडणार नव्हतं म्हणून आमच्याकडे उतरले. दुपारच्या गाडीने येतो म्हणाले आणि कीबोर्डचा स्टँड नाशिकरोडलाच विसरले. मग इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड. बावीस लोक आले, त्यात सहा शेजारचे तक्रार करायला आलेले. ते बसले. दाराशी डबा फिरवला, त्यात गाडीभाड्याइतके पण जमले नाहीत. आठ टीशर्ट खपले म्हणून पुण्याचं निघालं. आईने सकाळी थालीपीठं केली, ड्रमवाल्याने सात खाल्ली. आई अजून विचारते, तो सातवाला काय करतो?

निवांत_सातपूर
काय करतो?

हॉस्टेल_नंबर_दोन
बँक. पण शनिवार-रविवार वाजवतो अजून.

गंगापूररोडकर
गडी बोट उचलतो ते वाचून हसलो आणि मग जरा गप्प बसलो. मावशींचं चौंडकं रेकॉर्ड केलंय, पण त्यात निम्मं आमची बायकोच बोलतेय, चल ना, ऊन होतंय. टाकू का?

तारसप्तक
टाका, दोन्ही ऐकू.

मांडववाला
कुकरताई, शनिवारी एका हॉलला आमचंच साउंड आहे, असलाच बँड येतोय. सासूबाईंना आणता का?

कुकर_तीन_शिट्ट्या
विचारलं आत्ता. म्हणाल्या, पंचम लावणार असेल तर येते. आणि पाठ असलेल्या खुर्च्या आहेत का ते विचार.