गावी आई-बाबा दोघंच, लाइट सारखी जाते. ८,००० रुपयांत काय काय घेता येईल?

सुरूचं_बन

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत राहते. आई-बाबा गावी, दापोली तालुक्यात खाडीजवळच्या एका वाडीत. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१. घर जुनं, कौलारू.

मिरगाचा पहिला पाऊस पडला की लाइट जायला सुरुवात होते. दोन-तीन तास तर धरूनच चालायचं. वारं जोरात सुटलं आणि कुठे फांदी पडली की दीड-दोन दिवस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर आमच्या वाडीत २३ दिवस लाइट नव्हती. पहिले पाच दिवस फोनही लागत नव्हता. दोघं कसे आहेत, घर उभं आहे की नाही, काही कळत नव्हतं. ते पाच दिवस अजून अंगावर येतात.

गरजा सांगते. बाबा रात्री दोनदा उठतात आणि न्हाणीघर मागच्या पडवीच्या टोकाला आहे, म्हणजे तिथवर उजेड पाहिजे. आईला उकाड्यात दम लागतो, रात्री पंखा हवाच. घरात मोबाइलला रेंज नाही, वायफायवरच बोलणं होतं. आणि आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं.

तालुक्याच्या दुकानदाराने इन्व्हर्टर आणि दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी मिळून २२,००० सांगितले. चुलतभाऊ म्हणतो सोलर बसवा, सरकार पैसे देतं. यंदा कौलं परतायची आहेत, वासेही बदलायचे आहेत, त्यामुळे माझ्याकडे ८,००० च्या वर नाहीत. काय घेऊ?

निवृत्त_लाइनमन (चिपळूण)

ताई, मी ३१ वर्षं लाइनवर काम केलं. निसर्गनंतर तुमच्याच बाजूला दीड महिना होतो. पोल नुसते वाकले नव्हते, ओळीने आडवे झाले होते. चिखलात गाडी जात नव्हती, पोल माणसांनी खांद्यावर वाहून नेले. म्हणून तुमचे २३ दिवस मला खोटे वाटत नाहीत.

आधी इन्व्हर्टरचा हिशोब करू. साधा छताचा पंखा ७५ वॅट, ९ वॅटचे दोन बल्ब, राउटर १० वॅट. झाले १०३. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, म्हणजे १,८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, तेव्हा ९०० धरा. त्यातले शे-दीडशे इन्व्हर्टर स्वतः खातो. तरी सात तास मिळतील. दुकानदार फसवत नाहीये, वस्तू चांगली आहे.

पण ती भरायला सलग दहा-बारा तास लाइट लागते. तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट येते दोन तास, जाते चार तास. बॅटरी अर्धवट भरलेली राहते आणि अशीच राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. दोन पावसाळ्यांत तिची ताकद गेलेली मी कितीतरी घरांत पाहिली. शिवाय तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला लागतं. ते कोण घालणार, ७६ वर्षांचे बाबा? आणि कोणी विहिरीचं पाणी ओतलं तर बॅटरी गेलीच समजा. तरणी माणसं घरात असती आणि लाइट रोज ठरल्या वेळी जात असती, तर मीच म्हटलं असतं की कर्ज काढा पण इन्व्हर्टर घ्या.

तुमच्या घराला माझं मत असं, की एक मोठी बॅटरी नको. प्रत्येक कामाला त्याची त्याची लहान बॅटरी घ्या. एक बंद पडली तरी बाकीच्या चालतात, आणि म्हाताऱ्या माणसाला काही जोडावं-काढावं लागत नाही.

उजेडासाठी इन्व्हर्टर बल्ब. दिसायला साधा एलईडी बल्ब, नेहमीच्या होल्डरमध्येच बसतो, आत छोटी लिथियम बॅटरी असते. लाइट गेली तरी पेटलेला राहतो, तीन-चार तास पुरतो, जरा मंद होतो. साधारण ४०० रुपयांना एक. तीन घ्या: माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीची पडवी. यात एक मेख आहे. बटण चालू असेल तेव्हाच तो चार्ज होतो आणि पुरता भरायला आठ-दहा तास घेतो. पडवीतला बल्ब दिवसभर बंद राहत असेल तर रात्री ऐन वेळी तो रिकामा. बाबांना सांगा, पावसाळ्याचे चार महिने त्या बटणाला हात लावायचा नाही. ९ वॅटच्या बल्बाला दिवसरात्र ठेवलं तरी पाच दिवसांत एक युनिट.

वायफायसाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा डबा, हजार ते दीड हजार रुपये. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर ‘आउटपुट’ पुढे काय छापलंय त्याचा फोटो मागवून घ्या. १२ व्होल्ट असेल तर १२ चाच, ९ असेल तर ९ चा. चुकीचा लावलात तर राउटर जळेल. डब्यावर १०,४०० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ३८ वॅट-तास. राउटर सहा-सात वॅट घेत असेल तर पाचेक तास. आणि हेही विचारा की गावातल्या केबलवाल्याच्या बाजूला बॅटरी आहे का. त्याची पेटी बंद पडली तर तुमचा यूपीएस काही कामाचा नाही.

पंखा चार्जिंगचा टेबल फॅन. तीन-सव्वातीन हजार जातील आणि इथे पैसे वाचवू नका. सातशे-आठशेचे हातपंखे आईसाठी उपयोगाचे नाहीत. बारा इंची घ्या, लिथियम बॅटरीवाला, कमी वेगावर निदान सहा तास चालणारा. दुकानात बसून अर्धा तास चालवून बघा, गरम होतो का, आवाज किती.

एक चांगली बॅटरी (टॉर्च) बाबांच्या उशाशी, सुटे सेल बदलता येणारी. चार्जिंगची नको. मोठ्या वादळात चार्जिंगच्या सगळ्या वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकतात, सेल मात्र किराणा दुकानात मिळतात. त्याच सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, मग बातमी कळायला रेडिओशिवाय काही नाही.

अकोल्याची_सून

इन्सुलिनचं मी सांगते. माझ्या सासूबाई १४ वर्षं घेत आहेत आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो.

पहिलं म्हणजे घाबरू नका. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, २५ ते ३० अंशांपर्यंत. नेमका आकडा कंपनीगणिक वेगळा असतो, तो खोक्यातल्या कागदावर लिहिलेला असतो. तो कागद फेकू नका, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दोन-तीन तास लाइट गेली तर फ्रिजचं दार न उघडणं एवढंच करायचं, चारेक तास आत गारवा राहतो.

आम्ही इथे माठात माठ ठेवतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत बाटली, वरून ओलं फडकं. कोरड्या हवेत झकास गार राहतं. पण तुमच्या कोकणात पावसाळी दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा माठावर विसंबू नका. तुमच्यासाठी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास बरा. फ्रीजरमध्ये दोन-तीन लहान बाटल्या पाणी गोठवून कायम ठेवा. लाइट लांबली की त्यातली एक टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मासमध्ये, आणि इन्सुलिन वेगळ्या फडक्यात. बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, फेकून द्यायचं. हे आईंना चार वेळा सांगा, कारण बाटलीकडे पाहून काही कळत नाही.

अजून एक. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. आई-बाबा तुमच्याकडे राहायला येऊन परत गेले आणि नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं, तर मधे लाइट बराच वेळ गेली होती आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजायचं. मग आतलं इन्सुलिन वापरायच्या आधी डॉक्टरांना फोन.

गोदाकाठ (नाशिक)

सोलरबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मला बसवल्यावर कळली आणि मनाला लागली. मी ३ किलोवॅटचं बसवलं. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्य आलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लाइट गेली की भर उन्हातसुद्धा माझं सोलर बंद होतं. साधी ऑन-ग्रिड (बाहेरच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा तशीच बनवलेली असते. बाहेरची लाइन बंद झाली की तिने वीज पाठवणं थांबवायचं, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला झटका बसेल. लाइट नसताना चालायला हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तो खर्च वेगळा आणि मोठा. बिल कमी करायचं असेल तर चुलतभावाचं बरोबर आहे. अंधारासाठी मात्र ते औषध नाही.

सुरूचं_बन

सगळ्यांचे मनापासून आभार. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरचा फोटो बाबांनी पाठवला, १२ व्होल्ट १ अँपिअर आहे.

काका, अजून एक विचारते. शेजारच्या वाडीतल्या एका दादांकडे छोटा पेट्रोल जनरेटर आहे. ते म्हणाले, मोठं वादळ झालं तर दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करू, एक टोक जनरेटरला, दुसरं तुमच्या भिंतीतल्या प्लगला. म्हणजे अख्ख्या घरात लाइट येईल, फ्रिजही चालेल. खर्च काहीच नाही. करू का?

निवृत्त_लाइनमन (चिपळूण)

नाही. ताई, हात जोडून सांगतो, हे करू देऊ नका.

भिंतीच्या प्लगमधून आत घातलेली वीज घरातच थांबत नाही. मेन स्विच पाडायचा राहिला तर ती मीटरमधून बाहेर खांबावर जाते, खांबावरून डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर). डीपी ११,००० व्होल्टचे आपल्यासाठी २३० करतो ना, तो उलट्या बाजूनेही तसाच चालतो. तुमच्या घरातून गेलेले २३० पलीकडे ११,००० होऊन निघतात. आणि तिथे खांबावर एक पोरगा चढलेला असतो, लाइन बंद आहे असं समजून.

दुसरं, त्या वायरची एक पिन जनरेटरला असली की दुसऱ्या टोकाची पितळी पिन उघडी आणि जिवंत असते. बाबांच्या हातून ती निसटली तर?

माझ्यासोबतचा एक मुलगा असाच खांबावर होता. आम्ही काम सुरू करायच्या आधी लाइन अर्थ करायचो, म्हणजे साखळीने जमिनीला जोडायचो, त्या दिवशीही केली होती, म्हणून तो वाचला. अर्थिंगच्या साखळीवर ठिणगी पडली तेव्हा आम्हाला कळलं की खालच्या वस्तीत कुठेतरी जनरेटर जोडलाय. त्याच्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं, मी जेवायला गेलो होतो.

जनरेटर वापरायचाच असेल तर तो अंगणात, खिडकीपासून लांब ठेवा. धूर घरात आला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेत माणूस मारतो, त्याला वासही नसतो. जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि फ्रिजची पिन थेट त्या बोर्डात घाला. घराच्या वायरिंगला हात नाही. अख्ख्या घराला द्यायचं असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडलेली राहते.

आणि लाइट आल्या आल्या फ्रिज लावू नका. पहिली दहा मिनिटं विजेचा दाब वरखाली होतो. बल्ब स्थिर झाला की मग लावा.

वादळाचा इशारा आला की सगळ्यात आधी पंप चालवून वरची टाकी भरून घ्या. पंप यातल्या कशावरच चालणार नाही.

सुरूचं_बन

काका, त्या दादांना तुमचं लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी दोन वर्षं असंच करत आलोय. त्यांनी ती वायर कापून टाकली आणि फोटो पाठवला.

मागच्या शनिवारी गावी जाऊन आले. तीन बल्ब १,२००, मिनी यूपीएस १,३५०, पंखा ३,२००, टॉर्च आणि सेल ५५०, रेडिओ ७००. एकूण ७,०००. उरलेल्यात थर्मास घेतला. रात्री नऊला बाबांनाच मेन पाडायला सांगितला आणि सकाळी सहापर्यंत तसाच ठेवला. माजघरातला बल्ब साडेबाराला गेला. पडवीतला बाबांनी त्या दिवशी सवयीने दुपारी बंद केला होता, तो दीड तासातच संपला. आता त्या बटणावर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. पंखा पहाटे चारपर्यंत चालला. आई झोपली होती, मी शेजारी जागी होते.

वायफाय रात्री दोनपर्यंत होतं. केबलवाल्याला विचारलं, त्याच्याकडे सहा तासांची बॅटरी आहे म्हणाला. रोज रात्री नऊला आई व्हिडिओ कॉल करते, आणि लाइट गेलेली असली तर आधी पंखा दाखवते.