शर्टाला हिरवं लेबल, मोंढ्यात मात्र तोच भाव

मानवतचा_कापूस: परवा संभाजीनगरला पोरासाठी शर्ट घ्यायला गेलो. कॉलरला हिरवं लेबल लटकलेलं, 'शाश्वत कापूस'. दुकानदाराला विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, "काका, तीनशे रुपये जास्त, एवढंच मला ठाऊक." मला हसूच आलं. असल्या कापसाच्या गटात मी चार वर्षांपासून आहे. बोंडअळीचे पतंग पकडायला कामगंध सापळे लावतो, निंबोळी अर्क मारतो, कोणती फवारणी कधी केली ते वहीत लिहितो. अन् मोंढ्यात नेला की शेजाऱ्याला जो भाव तोच मला. माझं म्हणणं एवढंच, की कपडेवाल्यांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. कुणीतरी दम भरलाय म्हणून करतात.

जिंतूर_ते_तिरुपूर: दम भरला म्हणून करतात हे खरं, पण त्यात वाईट काय? मी तिरुपूरला रंगाईच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली. तिथलं रंगाचं पाणी नोय्यल नदीत जायचं. खाली ओरातुपालयम धरण आहे, त्याचं पाणी शेतीला चालेना. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंदच करायला लावले. नदीत थेंबही सोडायचा नाही, पाणी शुद्ध करून तेच परत वापरायचं, मग चालू करा. मालकांनी खर्चाच्या नावाने शिव्या घातल्या. पण पाण्यासोबत रंगाईचं मीठही परत हाती यायला लागलं, तेव्हा जरा गप झाले. समजावून सांगत बसलो असतो तर नदी अजून रंगीतच वाहिली असती.

लातूरकर_९९: एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं म्हणे. २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालोय. कापूसच बंद करा की!

मानवतचा_कापूस: माझा कोरडवाहू आहे भाऊ. वरून पडेल तेवढंच. आधी तुमच्याकडच्या उसाचं बघा.

सेलूचा_जिनवाला: मूळ गोष्ट कुणी बोलतच नाही. कापड गिरणीवाल्याचा जीव जातो तो प्लॅस्टिकच्या दोऱ्याने. तुम्ही युरियाच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरता. पोत्याचा दोरा सुटतो, सरकी काढलेल्या रुईत जातो, सुतातही दिसत नाही. कापड रंगवलं की तेवढ्या जागी रंग धरत नाही, पांढरी रेघ उठते. अख्खा तागा परत. सुती कापडात वेचा, बायांनी डोक्याला रुमाल बांधा, हे तुमच्या गटात शिकवतात ते त्याचसाठी. गिरणीवाल्यांचा स्वार्थच आहे, अन् मला तो पटतो. स्वच्छ माल आला तर मी क्विंटलमागे शंभर रुपये चढवून देतो. आणतं कोण?

वेचणीवाली: रुमाल बांधायचा आम्ही, केस आवरायचे आम्ही. मजुरी किलोवर मिळते. पाला, कवडी म्हणजे किडका कापूस बाजूला काढत बसलं तर दिवसाला दहा किलो कमी भरतात. त्या शंभरातले बाईच्या हातात किती, ते सांगा आधी.

हिशेबी: लेबलवर फार विसंबू नका. तुमचं कोणतं ते माहीत नाही, पण 'बेटर कॉटन' या शाश्वत कापसाच्या मोठ्या योजनेत बरीच वर्षं फक्त वजनाचा हिशेब जुळवायचे, जेवढा घेतला तेवढा विकला की झालं. शर्टात तोच कापूस असायलाच हवा असं नव्हतं. माग काढता येईल असा वेगळा कापूस २०२३ पासून आला. सेंद्रियात तर २०२० ला भारतातले खोटे दाखलेच उघडकीस आले. युरोपात आता नुसत्या लेबलवर भागत नाही. मोठ्या कंपन्यांनी न खपलेले कपडे नष्ट करायचे नाहीत, असा कायदा २०२४ ला झाला, बंदी १९ जुलै २०२६ पासून. कपडा कशाचा, कुठला, याची डिजिटल नोंदही पुढे द्यावी लागणार. मानवतकर, तुमची ती वही जपून ठेवा. उद्या तिलाच भाव येईल.

जिंतूर_ते_तिरुपूर: येईल, पण तो भाव मधलेच खातील.

मानवतचा_कापूस: वेचणीवाल्या ताईंचं मला लागलं. मी यंदा दहा रुपये किलोने वेचणी दिली. गटाच्या मीटिंगला मी जातो, चहा मी पितो, रुमाल त्या बांधतात. स्वच्छ मालाला किलोमागे दोन रुपये वाढवून द्यायची माझी तयारी आहे, पण शंभरात ते बसत नाही. जिनवाले शेठ, तीनशे करता का? पुढची वेचणी घरच्या सुती चादरीत बांधून आणतो. पट्टी, म्हणजे हिशेबाचे पैसे, मात्र त्याच दिवशी हातात पाहिजेत.

सेलूचा_जिनवाला: दोनशे. अन् ओल आठ टक्क्यांच्या वर नको.