मदत हवी आहे: ट्यूबलाइटवर येणारा केशरी-काळा किडा, फवारणी न करता कसा थांबवू?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राहतो, मागे थोडी जागा आहे तिथे भेंडी आणि चवळी लावलीये. पाऊस सुरू झाल्यापासून रात्री ट्यूबलाइटपाशी एक किडा यायला लागलाय, जेमतेम पाऊण सेंटीमीटर, अंग केशरी, डोकं काळं, शेपटीचं टोकही काळं, आणि पाठीवर चकचकीत निळे छोटेसे पंख, म्हणजे अर्धं पोट उघडंच. पहिल्यांदा मला मुंगीच वाटली, पण पळताना विंचवासारखी शेपटी वर करतो. आईच्या मानेवर बसला, तिने हाताने चिरडला, दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा लांब चट्टा आणि फोड, रात्रभर आग आग. डॉक्टर म्हणाले हा पेडेरस, रोव्ह बीटल, चावत नाही की डंख मारत नाही, चिरडल्यावर अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. त्यामुळे कुणाच्या अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, आणि चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका.

आता अडचण अशी की हाच किडा बागेत मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातो, मी स्वतः भेंडीच्या पानामागे बघितलाय, आणि त्याच्या अळ्याही शिकारीच. मारायचा जीव होत नाही, पण घरात लहान भाची रांगते.

बारीक जाळी लावलीये तरी फटीतून येतो. पिवळा बल्ब लावून कुणाला फरक पडला का? भिंतीलगतचा ओला पाचोळा काढला तर कमी होतील का? अनुभव असेल तर प्लीज सांगा.